मरळीच्या पोटात काय सापडलं, मामा

आमच्या आजोळच्या तळ्याचं वाटोळं माझ्या सख्ख्या मामाने केलं.

हे मी म्हणत नाही, तो स्वतःच सांगायचा. समोरच्याला चहा पाजून सांगायचा.

आज मामाला जाऊन वर्ष झालं. रडकी पोस्ट लिहायची ठरवली होती. पण सकाळी जे घडलं ते घाईघाईत टाइप करतेय, टायपो चालवून घ्या!

मामाने शिराळ्याजवळच्या त्या तळ्यावर आयुष्यभर मासे धरले. त्याची एक सवय होती. मासा कापला की आधी पोट उघडून बघायचा, हा आज काय जेवलाय ते.

खवली हा बारका मासा, तिच्या पोटात शेवाळ. मरळ शिकारी, तिच्या पोटात झिंगे, बेडकं, बारकी खवली.

“मासा खोटं बोलंल गं, त्येचं पोट न्हाई बोलायचं.”

माझं झूऑलॉजी तिथेच सुरू झालं. कॉलेजने फक्त सर्टिफिकेट दिलं.

तरुणपणी मामाने कुठूनशी कळशीभर चिलापी आणली. बाहेरच्या देशातला मासा, झपाट्याने वाढतो म्हणून. नारळ फोडून तळ्यात सोडली.

वाढली की! लय वाढली.

शेवाळ तिने खाल्लं, किडे तिने खाल्ले, दुसऱ्यांची अंडीसुद्धा सोडली नाहीत. खवली उपाशी पडून संपत आली. खवली नाही म्हटल्यावर मरळही दिसेनाशी झाली.

मामी टोमणा मारायची, “पावणी म्हणून आणलीसा, अन् घरमालकीण झाली की वो!”

मामा हसायचा. पण ते त्याला फार लागलं होतं, मला माहीत आहे.

शेवटची काही वर्षं तो फक्त चिलापी धरायचा. चुकून मरळ आली तर ओल्या पोत्यात गुंडाळून परत पाण्यात.

मी म्हणाले, “मामा, सोडून काय उपयोग? तिला खायला काय हाय?”

“चिलापीची पिल्लं हायती की! एकदा मरळीच्या पोटात चिलापी घावली, की मी सुटलो बघ.”

“पण पोट बघायचं तर मरळ मारावी लागंल.”

मामाने ओलं पोतं पिळून खांद्यावर टाकलं.

“मग न्हाई बघायचं,” म्हणाला.

आणि न बघताच गेला.

आज सकाळी मामी आणि मी नैवेद्य घेऊन तळ्यावर गेलो. काठाला कुणाचं तरी फाटकं जाळं पडलं होतं. त्यात अडकून मेलेली एक मरळ. ताजी. हातभर लांब!

मी मामीकडे बघितलं. मामी घरी गेली आणि मामाची विळी घेऊन आली.

पोट उघडलं.

तीन पिल्लं. अंगावर उभ्या पुसट रेघा.

चिलापी! चिलापी! चिलापी!

मी एवढ्याने ओरडले की धुणं धुणाऱ्या बायका पळत आल्या. कुणीतरी बुडालं असं वाटलं त्यांना.

एका पोटाने काही सिद्ध होत नाही, हे वर्गात मीच शिकवते. आज मला शिकवू नका. आज मी नाचले आहे.

मामी मात्र तिथेच बसली. रक्ताचे हात तसेच ठेवून पाण्याकडे बघत म्हणाली,

“आवं, सुटलासा की वो तुमी.”

मामा, श्रद्धांजलीचे मोठे शब्द तुला कधी आवडले नसते.

एवढंच सांगते. आम्ही पोट बघितलं. आणि मरळ पोटभर जेवली होती.