बसायला आलेलो नाही

"बसायला आलेलो नाही, वहिनी."

दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या मिस्त्रींचं हे पहिलं वाक्य. मी अजून 'बसा' म्हटलेलंही नसायचं. काउंटरपुढे एक लोखंडी स्टूल आहे, ते पायाने बाजूला सरकवायचे, दोन्ही हात काउंटरवर टेकवायचे आणि मागच्या फळ्यांकडे असं बघायचे की जणू सगळा माल चोरीचा आहे. मग म्हणायचे, "दाखवा, आज काय खपवताय."

कात्रजला आमचं ट्रकच्या पार्ट्सचं दुकान आहे. यजमानांचे गुडघे गेल्यापासून काउंटरवर मी असते. उर्मट गिऱ्हाईक मला नवीन नाही, पुण्यात दुकान चालवायचं म्हणजे आपणही थोडं उर्मट व्हावंच लागतं. पण या माणसाने मला जेवढा संताप आणला तेवढा कुणी आणला नाही. आज हे लिहितानाही मी संतापलेलीच आहे. फक्त आता त्यांच्यावर नाही. म्हणजे, थोडी त्यांच्यावरही.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल. काम सोन्यासारखं आणि तोंड गटारासारखं. एकदा भर गर्दीत त्यांनी इंजिनाच्या जोडात घालायचं एक पॅकिंग काउंटरवर आपटलं आणि विचारलं, "वहिनी, हे कुठल्या बिस्किटाच्या कारखान्यातून आणलंत?" मी म्हटलं, "चहा सांगते, बुडवून बघा." बाकीची गिऱ्हाइकं हसली. मिस्त्री हसले नाहीत. पॅकिंग बदलून घेतलं आणि जाताना म्हणाले, "चहा राहिला."

ते नेहमी बरोबर असत असंही नाही बरं का. एकदा चांगलं कंपनीचं बेअरिंग त्यांनी डुप्लिकेट म्हणून माझ्या माथी परत मारलं. दुसऱ्या दिवशी आले. माफी वगैरे शब्द त्यांच्या घराण्यात नव्हता. "कालचं ते द्या," म्हणाले. "कंपनीच हल्ली डुप्लिकेटसारखा माल काढायला लागली, त्याला मी काय करू?"

आमच्या मागच्याच गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. तिथे 'बसलं' हा शब्द उच्चारायला बंदी होती. त्याचं असं झालं, की वाघोलीच्या एका ट्रकमालकाने फोन करून विचारलं, "इंजिन बसलं का?" त्याला विचारायचं होतं, गाडीत चढवून झालं का. फोन उचलणाऱ्या फिटरने इमानदारीत सांगितलं, "हो, सकाळीच बसलं." मालकाला वाटलं, इंजिन बसलं म्हणजे जाम झालं, संपलं. तो तसाच घामाघूम होऊन आला आणि आल्या आल्या मिस्त्रींची गचांडी धरली. तेव्हापासून त्या गॅरेजात वस्तू चढायच्या, लागायच्या, जायच्या, पण बसायच्या नाहीत. "बसतं ते इंजिन, बसतो तो धंदा," मिस्त्री म्हणायचे. "आपण उभं राहायचं." चहा उभ्याने, डबा उभ्याने. मला वाटायचं, हा माणूस झोपतो तरी आडवा की नाही.

आता त्या कॅमशाफ्टचं सांगते. त्यासाठीच लिहायला घेतलं आहे.

धायरीचा एक मालक आला. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, हातात सोन्याचं कडं आलं, आणि जुन्या दिवसांतला एक ट्रक अंगणात उरला. सोबत त्याचा ड्रायव्हर होता, वर्ध्याकडचा, पडेल आवाजाचा, प्रत्येक वाक्याला 'जी' लावणारा. त्याच ट्रकवर त्याचे केस पिकले होते. आणि मिस्त्री होते, कारण इंजिन त्यांच्याकडे उघडलेलं होतं.

"वहिनी, स्वस्तातला कॅम काढा," मालक म्हणाला. "लई खर्च करायचा न्हाई. गाडी इकायची हाय."

"कुणाला?" मिस्त्रींनी विचारलं.

"ह्यालाच की." मालकाने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. ड्रायव्हर नवरदेवासारखा लाजला. गावाकडचं होतं नव्हतं ते विकून तो ही गाडी घेत होता. ती धावली तर त्याचं घर चालणार होतं, घाटात उभी राहिली तर तोही तिच्याबरोबर उभा. हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, मालकालाही.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला एक दांडा. त्याच्यावर उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटे टॅपेटना, म्हणजे छोट्या दट्ट्यांना, ढकलतात आणि त्या ढकलण्याने व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटा झिजला की व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही आणि गाडी चढावर दम टाकते. मी दोन कॅम काउंटरवर ठेवले. एक कंपनीचा, टॅपेटच्या सेटसकट. एक लोकल, नुसता दांडा, चकाचक.

मालकाने लोकल उचलला. "ह्यो बी नवाच हाय की. टॅपेट आपले जुनेच घालू. चालून जाईल."

"चालून नाही जायचा, खाऊन जाईल," मिस्त्री म्हणाले. "जुने टॅपेट नव्या कॅमला खातात. माझी झिजलेली चप्पल घालून बघा तुम्ही दिवसभर. जोडी फोडायची नाही." मग माझ्याकडे बघून वर म्हणाले, "वहिनी, उचला तुमचे दोन्ही दागिने. मी भंगारातून चांगला जुना कॅम काढतो, त्याच्या स्वतःच्या टॅपेटसकट. जुनं घ्यावं, पण कुटुंबासकट घ्यावं."

माझ्याच दुकानात उभं राहून माझंच गिऱ्हाईक घालवलं. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण काढला त्यांनी. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मला दाखवायला घेऊन आले. कॅम खरंच सुरेख होता. टॅपेट अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये ओळीने ठेवले होते, कुठला कुठल्या उंचवट्याखालचा त्या क्रमाने. जो जिथे झिजला तो तिथेच जायला हवा, हे त्यातलं इंगित. मी विचारलं, "खूण नाही केलीत?" म्हणाले, "टॅपेटला ओरखडा मारायचा नसतो. ट्रे आहे, डोकं आहे." आता बघा, हा त्यांचा माज. ट्रेवर पेनने आकडे टाकायला काय हाताला मेंदी लागली होती का? पण नाही.

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे पाना-पकडीपासून क्रेनपर्यंत सगळं धुऊन पुसून पुजलं जातं. मिस्त्री हार आणायला गेले होते. ड्रायव्हर गॅरेजात आला. आपली होणारी गाडी, तिची पूजा. त्याने काय करावं? सगळे सुटे भाग, ट्रेमधले टॅपेटसुद्धा, एका घमेल्यात ओतले, डिझेलने लख्ख धुतले, फडक्याने पुसले, पाटावर त्यांची रास केली, कुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. अंड्यांचा ट्रे कचऱ्यात टाकला. देवापुढे कसला तो अंड्यांचा ट्रे.

मिस्त्री हार घेऊन आले आणि दारातच थांबले. मी प्रसादाला म्हणून गेले होते, मला वाटलं, आता गल्ली गोळा होणार. पण मिस्त्रींनी चपला दाराशी काढल्या. ड्रायव्हर हात जोडून, डोळे मिटून उभा होता. मिस्त्रींनी त्याच्या शेजारी उभं राहून हार घातला, आरती झाली, प्रसाद खाल्ला. फिटरांकडून नंतर कळलं, ड्रायव्हर गेल्यावर त्यांनी दिवा जवळ ओढला आणि एकेक टॅपेट उंचवट्यांशी लावून बघत राहिले. काही जुळले. काही जुळेनात. मालकाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "देवापुढं ठेवल्यात, आता कुठंबी घाला. चालून जाईल."

दसरा उलटल्यावर मिस्त्री दुकानात आले. मी वाट बघत होते त्या वाक्याची. वाक्य आलं नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि त्याच्यावर बसले. मी विचारलं, "बरं नाही का?"

"कंपनीचा तो कॅम काढा," ते म्हणाले. "सेटसकट."

"मालक तयार झाला?"

"मालकाचा काय संबंध? ट्रे मी उघडा टाकून गेलो. पैसे माझ्या मजुरीतून देतो."

मी भडकले. म्हटलं, "अहो, धुतले कुणी? त्याला सांगा तरी. निदान निम्मं द्या म्हणावं."

"त्याला कळता कामा नये, वहिनी. त्याने देवासाठी धुतले. आपल्या हाताने बिघडवलेली गाडी माणसाने कशी चालवायची? मालकाने घातला, असं मालकालाच सांगायला लावलंय मी."

"आणि मालकाला चालतंय?"

"त्याला काय, सगळंच चालून जातं."

मी कॅम दिला. काय करणार. त्यांनी तो सोन्याचा असल्यासारखा दोन्ही हातांत धरला, उठले, स्टूल जागेवर ठेवलं आणि गेले. इंजिन चढलं. गॅरेजात फिरून कुणी 'बसलं' म्हणालं नाही.

पुढचं मला ड्रायव्हरकडून कळलं, तेही आनंदाने उड्या मारत सांगितलेलं. मालकाने गाडीची किंमत वाढवली होती. नवा कंपनीचा कॅम घातलाय, म्हणे, जुन्या भावात कशी परवडणार. आणि या भल्या माणसाने वर मालकाच्या पाया पडून ती वाढीव किंमत दिली होती.

मी तशीच चप्पल घालून मिस्त्रींकडे गेले. म्हटलं, "ऐकलंत का?" ते इंजिनाखालून म्हणाले, "ऐकलं." म्हटलं, "मग?" "गाडी चढतेय ना घाट?" ते म्हणाले. "मग झालं." जगाला एकेका वॉशरवरून फाडून खाणारा हा माणूस. माझ्या पॅकिंगला बिस्कीट म्हणणारा. आणि सोन्याचं कडं घातलेल्या एका लुच्च्यापुढे याची वाचा बसली. हो, बसली. मी मुद्दाम तोच शब्द त्यांच्या तोंडावर फेकून आले. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

गेल्या उन्हाळ्यात सकाळी शटर वर करताना मिस्त्री गेले. उभ्याउभ्याच. तेराव्याला तो मालक आला होता. "लई भला माणूस," म्हणाला आणि बुंदीचे लाडू खाऊन गेला. मी त्याच्या ताटासमोरून उठून दुसऱ्या पंगतीला बसले. भांडण करण्याची ती जागा नव्हती, एवढंच. गॅरेजच्या जागी आता मोटारी धुण्याचं दुकान झालंय, दिवसभर फेस वाहतो.

या खंडेनवमीला ड्रायव्हर पेढे घेऊन आला. बाहेर त्याचा ट्रक उभा होता, झेंडूने मढलेला. खंबाटकीचा घाट भरल्या गाडीने कसा चढतो ते सांगत होता. मग म्हणाला, "मालकाने नवा कॅम घातला म्हणून, ताई. देवमाणूस जी. नाहीतर ते मिस्त्री. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण त्या पूजेच्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलले नाहीत. मले अजून समजलं नाही, माझं काय चुकलं."

मिस्त्रींनी मला सांगू नका म्हटलं होतं. मी हो म्हटलं नव्हतं. मी फक्त बिल फाडलं होतं.

"बसा," मी म्हटलं. तो स्टुलावर बसला. मी सगळं सांगितलं. ट्रे, घमेलं, टॅपेट, मजुरी, किंमत. काही राखून ठेवलं नाही, आवाजही खाली आणला नाही. शेवटी म्हटलं, "याच स्टुलावर बसले होते ते. एकदाच." तो उठला. पेढ्यांचा पुडा काउंटरवर तसाच राहिला. बाहेर जाऊन बराच वेळ तो ट्रकच्या पुढच्या चाकाला हात लावून उभा होता.

मला सांगायला नको होतं, असं यजमानांचं मत आहे. असू दे. ज्याच्या पाया पडायचं ते तरी माणसाला ठाऊक असावं.

परवा तो फिल्टर न्यायला आला. मी सवयीने म्हटलं, "बसा."

"बसायला नाही आलो जी," तो म्हणाला. मग वाकून ते स्टूल त्याने दोन्ही हातांनी उचललं, बाजूला भिंतीशी ठेवलं आणि काउंटरपुढे उभा राहिला.