मिस्त्रींचा अंगठा

आजारपणानंतर मिस्त्रींच्या गॅरेजचं शटर वर गेलं ते त्यांच्या बायकोच्या धाकट्या भावामुळे. त्याची मोटारसायकल खरंच बिघडली होती, नाही असं नाही. पण ती इकडेच यावी म्हणून तिने फोनवर त्याला चांगलंच धारेवर धरलं होतं. "दुसरीकडे टाकलीस तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस," असं थोरल्या बहिणीने बजावल्यावर तो बापडा काय करणार?

हलकासा झटका येऊन मिस्त्रींचा उजवा हात लुळा पडला होता. मग दवाखाना, मग चेंडू दाबायचे व्यायाम. हात पुन्हा हलायला लागला. "अगदी पहिल्यासारखा," म्हणून मिस्त्री येईल त्याला मूठ वळून दाखवायचे. लोक तोंडभर कौतुक करायचे आणि गाडी नाक्यावरच्या नव्या गॅरेजात टाकायचे. मुलाचं म्हणणं, गॅरेजची पुढची खोली आता कुणाला तरी देऊन टाका, बाबांनी आराम करावा. आराम हा शब्द मिस्त्रींना शिवीसारखा झोंबायचा. "ही एक गाडी माझ्या हातून होऊ दे," ते मुलाला म्हणाले, "मग शटर रोज उघडेल. नाही झाली तर घे चाव्या." बोलले की बोलले, असा माणूस. तेव्हापासून बायकोच्या जिवाला घोर लागला होता.

"भाऊजी, पेशंट आणलाय," भाऊ गाडी ढकलत आत आला. "चढावर दम लागतो त्याला."

"मालकावर गेलाय." मिस्त्रींनी त्याला किक मारायला लावली आणि कान पुढे केला. इंजिनातून फुसफुस येत होती, जोडावर तेलाचा ओला पट्टा उमटला होता. "हेड गॅस्केट गेलंय. संध्याकाळी ये."

"ते काय असतं हो?" बायकोने विचारलं. एवढा संसार झाला, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

"कुकरची रिंग असते ना, तसंच. इंजिनाचं डोकं आणि खालचा सिलिंडर यांच्या मधली पातळ चकती. ती गेली की वाफ बाहेर, आणि स्वयंपाक कच्चा."

सकाळभर ती भाजी निवडायच्या निमित्ताने उंबऱ्यात बसून होती. पाना दोनदा हातातून निसटला. दोन्ही वेळा मिस्त्री पान्यावरच डाफरले. पण डोकं सुटलं, जुनं गॅस्केट निघालं, आणि ते डोकं ट्रेमधल्या रॉकेलमध्ये उताणं ठेवून मिस्त्री जेवून लवंडले. "भिजू दे. मग लाकडाच्या ढलपीने हळूच काढायचं," एवढं म्हणेपर्यंत डोळा लागला.

ती भांडी घासायला बसली, पण लक्ष त्या ट्रेकडे. जुन्या गॅस्केटचे काळे पापुद्रे त्या सपाट तोंडावर चिकटले होते, दूध करपून पातेल्याला बसावं तसे. थकलेत बिचारे, तेवढंच काम हलकं होईल, असं तिच्या मनात आलं. करपलेल्या पातेल्यांशी तिचा जन्म गेलेला. तिने उलथनं घेतलं, कडेने सगळं खरवडून काढलं, वरून तारेच्या घासणीने असा हात फिरवला की आपलं तोंड त्यात दिसावं. परत ट्रेमध्ये ठेवलं तेव्हा तिला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

मिस्त्री उठले. डोकं उचलून त्यांनी उजव्या अंगठ्याचं पेर त्या तोंडावरून गोल फिरवलं. ही त्यांची रीत. डोळ्यांवर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. पेराला लागलं तर खोट, नाही तर माल खरा.

"लोणी आहे लोणी," ते म्हणाले. "बघ, भिजल्यावर कसं आपसूक सुटलं."

ते नवं गॅस्केट आणायला कपाटाकडे वळले. तिनेही गंमत म्हणून बोट फिरवलं, आणि बोट अडलं. उलथन्याचे चरे होते, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. तांदूळ निवडणाऱ्या कुठल्याही बाईच्या बोटाला लागले असते. चऱ्यांनी काय होईल हे तिला नंतर सुचलं, आधी तो अंगठा दिसला, काहीच न लागता त्यांच्यावरून खुशाल फिरलेला.

"अहो," ती म्हणाली, "एकदा उजेडात धरून बघा की."

"मला शिकव आता!" मिस्त्री गुणगुणत होते. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच. एवढ्याशा चऱ्यांनी काय होतंय, असं तिने मनाला समजावलं. त्यांनी समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळले, आणि ती बघत राहिली.

संध्याकाळी भावाने किक मारली. इंजिन एका दमात धडधडलं. मिस्त्रींनी तिच्याकडे असं पाहिलं की ती हसलीच. मग जोडावर तेलाचा एक बुडबुडा आला. त्यामागून दुसरा. मग फुसफुस.

"गॅस्केटच डुप्लिकेट असणार, भाऊजी," भाऊ घाईघाईने म्हणाला. "हल्ली कशाचा भरवसा नाही."

इंजिन निवल्यावर मिस्त्रींनी डोकं पुन्हा उतरवलं, चष्मा लावला आणि ते दारात जाऊन उभे राहिले. "हे कशाने झालं?"

"उलथन्याने," ती म्हणाली. "तुम्ही झोपला होता तेव्हा. मी केलं."

भावाने कपाळावर हात मारला. "धन्य आहेस ताई! इंजिन म्हणजे काय पातेलं वाटलं तुला? बघा भाऊजी, म्हणजे तुमची काहीच चूक नाही."

"मी हात फिरवला होता यावरून," मिस्त्री म्हणाले.

"मग?"

मिस्त्रींनी अंगठा पुन्हा एकदा त्या चऱ्यांवरून फिरवला. मग त्यांनी डोकं स्वच्छ फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. "नाक्यावर ने. तोंड मशीनवर सपाट करून द्या म्हणावं. हाताने होणार नाही. आणि घरी जाताना तुझ्या भाच्याला निरोप दे, उद्या चाव्या घेऊन जा म्हणून."

भाऊ गाडी ढकलत गेला. तिने शटर ओढलं, साबण आणि गरम पाण्याची बादली आणली. मिस्त्री पायरीवर बसले होते, काळे हात गुडघ्यांवर पालथे टाकून. बादलीतून वाफ येत होती.

"धुवा की," ती म्हणाली.

त्यांनी हात पुढे केला आणि पाण्यावरच थांबवला.

"तू बघ आधी," ते म्हणाले.

लहान मुलाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं तिने कोपर बुडवून पाहिलं, आणि गार पाणी आणायला आत गेली.