जहाजावर आईनं मिळवलेलं टेबल

आदिलाबादकर मंडळी, आज भर समुद्रात आपण जिंकलो!

क्रूझवरच्या इटालियन हॉटेलात आधी टेबल बुक करावं लागतं. आज आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस. दोघंच असे हॉटेलात ते कधी जेवलेच नाहीत, म्हणून माझा हट्ट. पण आठ, साडेआठ, नऊ, ॲपवर सगळं फुल! काउंटरवर विचारलं, तिथंही नाही. मी रडकुंडीला आले.

आई म्हणाली, "आठ वाजता काऊन जेवाचं? आपण गावाकडं तामसीत दिवेलागणीलाच जेवतो ना!"

नोकरीसाठी शहरात राहून हे मी विसरूनच गेले होते. सहाची वेळ टाकली, तर अर्धं हॉटेल मोकळं! थेट खिडकीजवळचं टेबल मिळालं.

मी दारातून पाहून राह्यले होते. समोर समुद्रात सूर्य बुडत होता आणि बाबा आईच्या ताटात वाढत होते. घरी कधी वाढलं नाही हो त्यांनी!

दोघं बाहेर आले, तेव्हा आठवाले रांगेत ताटकळत होते. आई हळूच म्हणाली, "अजून उपाशीच हायेत बिचारे."

तुमच्याकडं अजून दिवेलागणीला कोण जेवतं? त्यांना सांगा, जहाजावरचं सगळ्यात भारी टेबल त्यांचंच आहे.