आठ पावलं पुढं सरकवलेला कोन

ट्रॅकवर मोटारसायकल चालवायला शिकवणं हे माझं काम होतं. कोल्हापूरच्या बाहेर छोटा ट्रॅक आहे, तिथे महिन्यातून एका रविवारी हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे. सकाळी मी सगळ्यांना पायी शेवटच्या वळणापर्यंत न्यायचो. वळणाच्या अलीकडे केशरी प्लास्टिकचा कोन ठेवलेला असायचा. "कोनाशी आलात की ब्रेक. तिथं स्वतःचं डोकं चालवायचं नाही," हे माझं ठरलेलं वाक्य.

चार वर्षांपूर्वी नवख्यांच्या तुकडीत शिरोली एमआयडीसीतला एक फाउंड्री कामगार होता. पस्तिशीचा, साचे भरणारा, कमी बोलणारा. सांगितलं तेवढंच करायचा. त्याची गाडी दर फेरीला त्याच जागी मंदावायची, इतकी नेमकी, की मी न बघताही आवाजावरून ओळखायचो.

त्या दिवशी जेवणानंतर तरबेज तुकडी उतरली. त्यातला एकजण ओरडला, "सर, ट्रॅक हाय का वरात? आमच्यात म्हशी पळत्यात ह्याच्यापेक्षा!" सगळे खिदळले. मला लागलं ते. मी जाऊन कोन वळणाकडे आठ पावलं पुढं ठेवला आणि म्हणालो, "घ्या, दाखवा आता." तेवढ्या उशिरा ब्रेक धरणं त्यांना झेपणारं होतं. त्यांची पाळी संपली, नवखे उतरले. कोन मागे घ्यायचा राहिला.

तो फाउंड्रीवाला कोनापर्यंत आला आणि ब्रेक धरला. अगदी सांगितल्याप्रमाणे. गाडी वळलीच नाही, सरळ टायरांच्या भिंतीत गेली.

सगळे त्याच्याकडे धावले. मी आधी कोनाकडे धावलो. वाटेतली अडचण बाजूला करावी तसा उचलला आणि सकाळच्या जागी नेऊन ठेवला. मग त्याच्याजवळ गेलो. शुद्धीवर होता. "सर, काय झालं वो?" मी म्हणालो, "उशिरा धरलास ब्रेक."

हे मी बाकी कुणी विचारायच्या आधी बोललो.

त्याच्या उजव्या मनगटात सळ्या बसल्या, पण मूठ काही मिटेना. साचे भरणं सुटलं. त्याच कारखान्याच्या गेटवर तो वॉचमन म्हणून बसायला लागला. पुढच्या हिवाळ्यात भेटायला ट्रॅकवर आला, तेव्हा मीच त्याला नवख्यांसमोर उभं केलं. त्यानंतर तो दर महिन्याला यायचा. वाकडा हात वर करून सांगायचा, "पावणं, ह्यो बघा. सरांनी कोन दावला हुता, मी शाणपणा केला." लोक गंभीर व्हायचे. माझं काम सोपं व्हायचं.

गेल्या महिन्यात एका पोरीनं विचारलं, "काका, डोळं कुठं हुतं तुमचं?" हशा पिकला. तोही हसला. मग चहा पिताना मला हळूच म्हणाला, "दोनदा तपासून घेतलं सर डोळं. काय बी दोष न्हाय म्हणत्यात. मग मला कोन कसा दिसला न्हाय?"

तेव्हा मात्र मी सांगून टाकलं. सगळं. म्हशींच्या टोमण्यापासून कोन परत ठेवण्यापर्यंत.

तो ओरडला नाही. म्हणाला, "दावा कुठं हुता." आम्ही वळणाकडे गेलो. मी जागा दाखवली. त्यानं स्वतः पावलं टाकून मोजली आणि आठव्या पावलाला थांबला.

"म्हंजे मी धरला हुता की बरोबर."

"होय."

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "मला सांगून काय उपेग? घरी चला. हिला सांगा."

हातकणंगल्यातल्या त्याच्या घरापर्यंत तो माझ्या गाडीवर मागं बसला, चांगला हात माझ्या खांद्यावर ठेवून. धरायला दुसरं काही नव्हतं.

त्याच्या बायकोनं पाणी दिलं, आत चहा टाकला. "हेच का सर? लई नाव काढत्यात तुमचं. मी म्हणत्या, एवढं शिकवलं हुतं तर ऐकायचं न्हाय व्हय? चार वर्सं झाली, रोज म्हणत्या."

"सांगा," तो मला म्हणाला. 'सर' म्हणाला नाही.

मी सांगितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती. मग पदर तोंडाला लावून आत गेली. आत चहा उतू गेल्याचा वास आला. बाहेर चहा कुणीच घेऊन आलं नाही.