उंबरवाडीचा शेरा

शरच्चंद्र मास्तरांना जिची किळस येत नाही अशी वस्तू संगमनेरात एकच होती, ती म्हणजे त्यांची स्वतःची सायकल. बाकी साऱ्याचा त्यांना वीट होता. तिसरीतल्या साठ पोरांच्या वाहत्या नाकांचा, हेडमास्तरांच्या पिंकेचा, थोरल्या भावाच्या घरी दोरीवर सदा ओल्या असणाऱ्या दुपट्यांचा. त्या घरातल्या दोन खोल्यांत सात माणसं झोपत. म्हणून लग्नाला दीड वर्ष झालं तरी बायको, प्रेमला, बेलापूरला माहेरीच होती. सासरे नृसिंहभट दर पत्रात लिहीत, "स्वतंत्र बिऱ्हाडाची सोय होताच कळवावे, मुलीस आणून पोचवतो."

ती सोय त्रेचाळीसच्या भादव्यात अचानक समोर आली. लोकल बोर्डाला अकोले तालुक्यातल्या डोंगरी शाळांसाठी फिरता सुपरवायझर हवा होता. पगार वाढीव, आणि राहायला संगमनेरात बोर्डाचं क्वार्टर! मास्तरांनी त्याच दिवशी अर्ज टाकला. पण बोर्डाचे चेअरमन काकासाहेब म्हणजे रांगडा गडी. त्यांनी अर्जांचा गठ्ठा बाजूला सारला.

"कागदावर समदेच शूर असतात, मास्तर. तुमी असं करा, एकट्यानं सायकलीवर एक फेरी मारून या. चार दिवस, पाच शाळा. दर शाळेच्या मास्तराचा शेरा ह्या वहीत घ्यायचा, अन् शनिवारी दिवे लागायच्या आत वही माझ्या टेबलावर. जमलं तर जागा तुमची."

वहीच्या पानांवर आकडे घालून शिक्के मारले होते, म्हणजे कुणी पान फाडू नये.

बुधवारी सकाळी मास्तर निघाले. डोक्याला काळी टोपी, अंगात कोट, धोतराला क्लिपा. वहिनीने चार दिवसांच्या दशम्या करून दिल्या होत्या. दुधात भिजवलेल्या, पाण्याचा थेंब न लागलेल्या, म्हणजे प्रवासात खायला हरकत नाही आणि कुणाच्या हातचं खाण्याची पाळीही नाही. सीटमागे चामड्याची भक्कम पिशवी होती, तिच्यात पाऊस शिरायची टाप नव्हती. पण चामड्यात अन्न ठेवायचं? शिव शिव! पिशवीत गेली वही आणि पंक्चरचं सामान, आणि दशम्या हँडलला, फडक्यात बांधून.

अकोल्यापर्यंत मास्तर मजेत होते. विठ्याच्या घाटात सायकल हाताने ढकलावी लागली आणि पुढे नेमकी एक बैलगाडी निघाली. वाट अरुंद, बैलाचं पोट बिघडलेलं. वळणावळणाला चाकांनी उडवलेलं शेण मडगार्डवर, कोटावर, एकदा तर थेट चष्म्यावर. मास्तर थांबले की गाडीही थांबे. "दमला काय वो?" गाडीवान आपुलकीने विचारी, आणि बैल शेपटी उचले.

पहिल्या शाळेच्या मास्तरांनी तंबाखू मळता मळता शेरा लिहिला, पानावर चुन्याचा अंगठा उठला. दुसऱ्या शाळेत शेळी वर्गातच बांधलेली होती आणि हजेरीपटाचा कोपरा तिने खाल्ला होता. तिसरीत ढेकणांनी मास्तरांनाच खाल्लं. चौथीत पोचेपर्यंत गुरुवार संपला होता आणि पाऊस सलग बरसत होता. जे भंडारदऱ्याचं धरण बघायला लोक मुंबईहून येतात, ते मास्तरांनी छत्री तिरकी करून पाहिलं. मनात आलं, केवढी ही ओल!

शुक्रवारी सकाळी त्यांनी फडकं सोडलं. दशम्यांचा बुळबुळीत लगदा झाला होता, त्यावर हिरवी लव, लवेवर मुंग्या. मास्तरांनी तो कुत्र्यापुढे टाकला. कुत्र्याने हुंगला आणि मास्तरांकडे असं काही पाहिलं की त्यांनी मुकाट सायकल घेतली.

पाचवी शाळा उंबरवाडीची. धरणाच्या पाण्याकडेने सात मैल, त्यातले पाच सायकल खांद्यावर. भर दुपारी मास्तर वाडीत पोचले तेव्हा पोटात आग आणि पायांत गोळे होते. तिथला शिक्षक गहिनीनाथ वाडीचाच पोरगा, सातवीची फायनल परीक्षा पास झालेला. त्याने अदबीने सायकल धरली. त्याची आजी रंगुबाई चुलीशी होती. ओसरीवर पंगत मांडली होती आणि आख्खी वाडी साहेब बघायला जमली होती.

"या वो, हात धुवा. पोरांनी खेकडं धरल्याती, कालवन लई झ्याक झालंय."

टोपलीतला एक खेकडा अजून नांगी हलवत होता. मास्तरांनी टोपलीकडे पाठ फिरवली.

"माझा उपास आहे," ते घाईने म्हणाले. "शुक्रवारचा. देवीचा."

"आसं व्हय!" रंगुबाईने हात जोडले. "मंग दूध चालंल न्हवं?"

आता नाही कसं म्हणणार? दूध आलं. शेळीचं, कोमट, धुराचा वास मारणारं, वर जाड साय आणि सायीवर एक आखूड काळा केस. चाळीस डोळे रोखलेले. शेजारी एक म्हातारा खेकड्याचा पाय दाताने फोडून चुर्र करून ओढत होता. मास्तरांनी डोळे मिटून भांडं रिकामं केलं, आणि पुढच्याच क्षणी ते सगळं रंगुबाईच्या सारवलेल्या ओसरीवर परत केलं.

मास्तर ओढ्यावर चुळा भरायला पळाले. मागे काय झालं ते त्यांना फार उशिरा कळलं. वाडीची रीत अशी, की सरकारात जाणारा कागद आधी सगळ्यांना वाचून दाखवायचा. पूर्वी जंगलखात्याच्या एका रखवालदाराने भलतंच लिहून अंगठे घेतले होते, तेव्हापासूनची ही रीत.

"सुपरवायझर आले व दूध ओकले, असं लिहितो," गहिनीनाथ म्हणाला.

"मुडद्या, पाव्हन्याची नोकरी जाईल की!" रंगुबाई ओसरी सारवता सारवता कडाडली. "लिव, पोटभर जेवला."

"काय जेवले ते लिहावं लागतं, आज्ये. सरकारी शेरा मोघम चालत नाही."

"मंग जे रांधलं हुतं त्ये लिव!"

साऱ्या वाडीने माना डोलावल्या. मास्तर परतले, त्यांनी न वाचताच वही पिशवीत कोंबली आणि ते निघाले.

शनिवारी विठ्याच्या उतारावर ट्यूब बसली. पंक्चरचं सामान काढताना वही उघडली गेली. वळणदार अक्षर होतं: "साहेब एकटे सायकलवर आले. आमच्या पंगतीस बसून नाचणीची भाकर व खेकड्याचे कालवण पोटभर जेवले. नांगीसुद्धा टाकली नाही."

मास्तर मैलाच्या दगडावर बसले. पान फाडावं तर आकडा चुकतो. खरं सांगावं तर, जो माणूस वाडीतलं दूधसुद्धा पचवू शकत नाही त्याला काकासाहेब कशाला घेतील? गप्प बसावं तर नृसिंहभटांच्या घराण्यात कांद्यालासुद्धा उंबरा ओलांडता येत नव्हता. मास्तरांनी बराच वेळ ट्यूब कुरवाळली. मग ठिगळ लावलं, हवा भरली आणि ते संगमनेरच्या दिशेने सुटले.

काकासाहेबांनी शेरा कचेरीत मोठ्याने वाचला. "नांगीसुद्धा न्हाई! मास्तर, मी तुमाला उगाच नाजूक समजत हुतो." नेमणुकीवर तिथल्या तिथे सही झाली.

कचेरीतला एक कारकून बेलापूरचा निघाला. क्वार्टरची किल्ली मिळाल्याचं मास्तरांचं पत्र पोचायच्या आत खेकडे पोचले. उलट टपाली उत्तर आलं: "मुलीस पाठवणे नाही. प्रायश्चित्त घ्यायचे असल्यास यावे."

मास्तर सायकलीवरच बेलापूरला गेले. वाटभर त्यांनी खरं सांगायची तयारी केली, पण दारातच तो कारकून सुपारी कातरत बसला होता; इथला शब्द काकासाहेबांच्या कानी गेल्याशिवाय राहिला नसता.

"खाल्लेत?" नृसिंहभटांनी विचारलं.

मास्तरांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. "खाल्ले."

मग पंचगव्य. दूध, दही, तूप इथवर ठीक होतं. उरलेली दोन द्रव्यं नृसिंहभटांनी गोठ्यातून ताजी, स्वतःच्या देखरेखीखाली आणवली. वाटी हिरवट झाली. मास्तरांनी नाक दाबलं.

"नाक सोडा, जावईबापू. आणि थेंब राहता कामा नये."

राहिला नाही. या वेळी काही परतही आलं नाही. मास्तरांना स्वतःच्याच पोटाची किळस आली.

चौथ्या दिवशी प्रेमला संगमनेरच्या क्वार्टरमध्ये आली. दार लावून घेतल्यावर ती हसू दाबत जवळ आली.

"एक विचारू? खरं सांगाल? कसे लागतात हो खेकडे?"

मास्तरांनी दाराची कडी पुन्हा एकदा तपासली.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण तुझ्या वडिलांनी पाजलं त्यापेक्षा बरेच असावेत."