‘पाणंद’मधले डॉक्टर आणि लीलाचं बाळंतपण

"ताई, डॉक्टर मंगळवारी गेले ना? मग काल लीलाचं बाळंतपण कुणी केलं?"

वारूळवाडीच्या एका बाईंचा फोन होता. शुक्रवार, सकाळचे साडेनऊ. मी ऑफिसात नुकतीच येऊन बसले होते. "बघून सांगते," म्हणून फोन ठेवला, तर लगेच दुसरा वाजला. मग तिसरा. एक गृहस्थ तर चांगलेच तापलेले होते. "मंगळवारी आमच्या घरात कुणी नीट जेवलं न्हाई. आन गुरुवारी तुमी त्याला जित्ता दाखवता? काय चेष्टा लावलीय राव!"

अकरा वाजेपर्यंत असे सत्तावीस फोन झाले. मी कागदावर रेघा ओढत होते, म्हणून आकडा आठवतो.

ही गोष्ट दोन हजार दोन-तीनच्या सुमाराची. नारायणगावात आमचं लोकल केबल चॅनल होतं. घरोघरी केबल पोचवणारा माणूस एक चॅनल स्वतःसाठी राखून ठेवायचा. त्यावर सिनेमे, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि खाली सरकत्या पट्टीत टोमॅटोचे भाव. आमच्या सुभाषशेठनी त्यापुढे उडी मारली होती. त्यांचं कापडाचं दुकान, पण नाटकाचा भारी नाद. त्यांनी स्वतःच्या तीन मालिका सुरू केल्या. मंगळवारी ‘पाणंद’, म्हणजे शेताच्या रस्त्यावरून भांडणाऱ्या दोन भावांची गोष्ट. गुरुवारी ‘सून लीला’. शनिवारी ‘बाळूचं सलून’, ही विनोदी. तिन्ही संध्याकाळी साडेसातला. त्याची सीडी दुपारच्या जीपनं मंचरला जायची आणि तिकडचे केबलवाले त्याच वेळेला लावायचे.

माझं काम एडिटिंग आणि कंटिन्युइटी. कंटिन्युइटी म्हणजे मागचा धागा तुटू न देणं. आधीच्या शॉटमध्ये कप अर्धा भरलेला असेल, तर पुढच्या शॉटमध्ये तो आपोआप भरता कामा नये. लीलाच्या हातात चार बांगड्या असतील, तर आठ दिवसांनी शूटिंग केलं तरी चारच हव्यात. मी प्रत्येक मालिकेची वेगळी वही ठेवायचे आणि त्यात सगळं टिपायचे. माझ्या बांगड्या कधी चुकल्या नाहीत, याचा मला अभिमान होता.

चुकला तो डॉक्टर.

आमच्याकडे शूटिंगला टोमॅटोच्या क्रेटचं एक जुनं गोडाऊन होतं. त्यातल्या एका खोलीत दवाखाना लावलेला. दवाखाना एकच, पाटी एकच: ‘डॉ. इनामदार’. डॉक्टरही एकच. मंचरजवळच्या शाळेतले शिंदे गुरुजी. आवाज मऊ, चेहरा शांत. त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला की खरोखरच बरं वाटायचं. ‘पाणंद’मध्ये ते भावांची भांडणं सोडवायचे आणि ‘सून लीला’मध्ये लीलाला तपासायचे. आमच्या डोक्यात त्या दोन वेगळ्या मालिका, म्हणून दोन वेगळे डॉक्टर.

मग गुरुजींची बदली वेल्ह्याला झाली. तिकडून शूटिंगला येणं शक्य नव्हतं. दिग्दर्शक दिनकर म्हणाला, "हार्ट अटॅक देऊ." ‘पाणंद’मध्ये दिला. ‘सून लीला’चं बाळंतपण मात्र पंधरा दिवस आधीच शूट होऊन पडलं होतं. ते ठरल्याप्रमाणे गुरुवारी लागलं. माझ्या दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर होत्या. दोन्ही एकत्र उघडून बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

दुपारी शेठ दुकानातून तडक ऑफिसात आले. आवाज चढवणारा माणूस नव्हे, पण त्या दिवशी खुर्चीवर बसले नाहीत.

"शैलाताई, गिऱ्हाईक कापड बघायचं सोडून मला डॉक्टरचं विचारतंय. हसतंय."

"माझी चूक आहे, शेठ."

"चूक कुणाची ते मी विचारलं नाही. पुढच्या मंगळवारपर्यंत हे नीट झालं नाही, तर तिन्ही मालिका बंद. त्या वेळेला सिनेमा लावू. सिनेमाला निदान कुणी फोन करत नाही."

आम्ही नऊ जण त्या तीन मालिकांवर कामाला होतो. कलाकार वेगळेच. दिनकरला पुन्हा लग्नांची शूटिंग करत फिरावं लागलं असतं. मला मिळालेलं पहिलं मनासारखं काम गेलं असतं.

दिनकरनं सोपा उपाय काढला. खालच्या पट्टीत टाकायचं: ‘दोन्ही मालिकांतील डॉक्टर वेगळे आहेत, याची प्रेक्षकांनी नोंद घ्यावी.’ शुक्रवारी संध्याकाळी ती पट्टी फिरली. शनिवारी फोन दुप्पट झाले. "आमाला येडं समजता का? पाटी तीच, कोट तोच, माणूस तोच, आन म्हनं वेगळा!"

त्याच गर्दीत एक संथ आवाज आला. "मी अवसरी बुद्रुकहून हिंगे बोलतोय. रिटायर्ड ग्रामसेवक. तुमची पट्टी चुकीची आहे, मॅडम. डॉक्टर वेगळे असूच शकत न्हाईत. माझ्याकडं नोंद आहे."

"कसली नोंद?"

"फोनवर न्हाई सांगता येणार. येऊन बघा."

रविवारी सकाळी मी जीपनं मंचरला उतरले आणि तिथून अवसरीला गेले. काय बघायला चाललेय ते मलाच कळत नव्हतं. एवढंच वाटत होतं की इतक्या लोकांत चिडून न बोललेला हा एकच माणूस आहे.

हिंगे भाऊसाहेब सत्तरीच्या आसपासचे. पांढरा लेंगा, नेहरू शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्या पत्नीनं, सगळे काकू म्हणत त्यांना, चहा ठेवला. भाऊसाहेबांनी कपाटातून लांबलचक रजिस्टर काढलं आणि माझ्यासमोर उघडलं. ग्रामपंचायतीत घरांची नोंद असते तसं. आडवे रकाने आखलेले. घर नंबर, कुटुंबप्रमुख, कुटुंबातली माणसं, नातं, शेरा.

घर नंबर एक, ‘पाणंद’मधला थोरला भाऊ. नंबर दोन, धाकटा. नंबर सात, लीलाचं सासर. नंबर अकरा, बाळूचं सलून, शेरा: ‘घर व दुकान एकत्र’. नंबर बारा, दवाखाना.

"हे सगळं एकाच गावात?" मी विचारलं.

"मग? विहीर एक, पार एक, दवाखाना एक. आन हे बघा." शेऱ्याच्या रकान्यात बोट ठेवलं. "तपकिरी कुत्रं. तिन्हीकडं दिसतंय. कुत्रं काय तीन-तीन गावात राहतं व्हय?"

ते कुत्रं आमच्या गोडाऊनपाशी राहायचं. फ्रेममध्ये घुसायचं आणि आम्ही कंटाळून तसंच राहू द्यायचो.

बाळूची मावशी आणि लीलाची सासू आमच्याकडे एकच बाई करायच्या. भाऊसाहेबांनी तिथं लिहिलं होतं, ‘जुळ्या बहिणी (अंदाजे)’. लीलाच्या दिराची पँट आणि ‘पाणंद’मधल्या मास्तरांची पँट एकच, याचीही नोंद होती. शेरा: ‘उसनी घेतली असावी’.

"यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांची गावं लिहिली," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "रिटायर झाले आन हात गप बसंना. मग हे गाव धरलं."

मी पानं उलटत होते आणि मला कानकोंडं झालं होतं. वर्षभर मी वह्या भरत होते. या माणसानं टीव्हीसमोर बसून माझ्यापेक्षा चोख कंटिन्युइटी ठेवली होती. आम्ही तीन मालिका करत होतो. बघणाऱ्यांनी त्यांचं कधीच एक गाव केलं होतं. चिडले होते ते त्यासाठी. आम्ही त्यांच्या गावातला मेलेला माणूस त्यांना न विचारता उठवला होता.

"भाऊसाहेब, मग डॉक्टरचं काय करायचं?"

त्यांनी चष्मा पुसला. "गावात जन्म-मृत्यूची नोंद मीच करायचो. किती वेळा जन्माची खबर महिन्यानं यायची आन मृत्यूची दुसऱ्या दिवशी. कागद उलटसुलट येतात. तारीख बघून लावायचे. तुमी मृत्यूचा कागद मंगळवारी दिला, जन्माचा गुरुवारी. पण बाळ जन्मलं कधी, ते कुठं सांगितलंय?"

खरंच सांगितलं नव्हतं.

"मी तर लावूनच टाकलंय," त्यांनी पान उलटलं. "लीलाचं बाळंतपण आधी. डॉक्टर घरी गेले, आन मग गेले. त्यांनी हातात घेतलेलं शेवटचं मूल ते."

गेले तीन दिवस आम्ही हेच शोधत होतो आणि ते इथं निळ्या शाईत लिहिलेलं होतं.

"आणि काल बाळूनं दुकान उघडं ठेवलं, ते?" मी विचारलं.

"तेबी आधीचंच धरतो. पण येत्या शनिवारी उघडं दिसलं, तर मी केबल काढून टाकणार. गावचा डॉक्टर गेलाय, मॅडम."

परतीच्या जीपमध्ये मी मांडीवर कागद धरून लिहायला लागले. नारायणगाव येईपर्यंत तिन्ही एपिसोडांचा आराखडा झाला होता. अक्षर इतकं हललेलं की नंतर मलाच लागेना.

संध्याकाळी दिनकरला वाचून दाखवलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "बाकी ठीक. पण बाळूचं सलून विनोदी आहे. तिथं रडवायचं?"

बाळूचं काम करणारे सखारामभाऊ शेजारीच बसले होते. आयुष्यभर तमाशात सोंगाड्या म्हणून उभे राहिलेले. ते म्हणाले, "दिनकरराव, हसवणाऱ्यालाच रडू जास्त येतं. तुमी कॅमेरा लावा फक्त."

सोमवारी तिन्ही मालिकांची माणसं पहिल्यांदाच एका दिवशी, एका पारावर जमली. वर्षभर एकाच गोडाऊनमध्ये काम करूनही काही जण एकमेकांना ओळखत नव्हते. मी तिन्ही वह्या घेऊन मध्ये उभी होते. लीलाच्या सासऱ्यांना ‘पाणंद’मध्ये आणलं. दोघे भाऊ डॉक्टरांच्या दारात तोंडं फिरवून बसलेले, आणि लीलाचे सासरे येऊन सांगतात, "सकाळी आमच्या सुनेला सोडवली. पोराला फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. म्हणाले, दमलोय, जरा पडतो. ते परत उठलेच न्हाईत." दोघे भाऊ एकमेकांकडे बघतात आणि तिरडीला एकाच बाजूनं खांदा देतात. वर्षभर जो समेट आम्हाला लिहिता येत नव्हता, तो त्या एका वाक्यावर झाला.

मंगळवारी दुपारी एकला एडिटिंग संपलं. जीप दोनला सुटायची. शेठ दुकानातून आले, खुर्ची ओढून बसले आणि शेवटपर्यंत बघत राहिले. संपल्यावर टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ताई, हे तिन्ही एकाच गावातले आहेत, हे आपण आधी ठरवलं होतं?"

"नाही शेठ. लोकांनी ठरवलंय."

"मग पाठवा. जीप जाईल."

संध्याकाळी साडेसात ते आठ ऑफिसातला फोन एकदाही वाजला नाही. दिनकरनं दोनदा रिसीव्हर उचलून टोन बघितला. आठ वाजून दोन मिनिटांनी जो वाजायला लागला, तो पुढे तासभर थांबला नाही. कुणी तक्रार करत नव्हतं. लोक आपल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होते. एका आजींनी मला बजावलं, "पोराचं नाव डॉक्टरचंच ठेवा हां." ते आम्ही आधीच लिहिलं होतं. गुरुवारी लीलानं बाळाचं नाव माधव ठेवलं. डॉक्टरांना पहिलं नाव आजवर नव्हतंच, ते त्या दिवशी मिळालं.

शनिवारी बाळूच्या दुकानाची फळी लावलेली. सखारामभाऊ पायरीवर बसून होते, हातात नुसता कंगवा. एक गिऱ्हाईक येतं, बघतं आणि काही न बोलता शेजारी बसतं. अर्धा मिनिट कुणी बोलत नाही. विनोदी मालिकेत अर्धा मिनिट शांतता ठेवायला मला धाडस लागलं होतं. आजही ते माझं सगळ्यात आवडतं एडिटिंग आहे.

पुढच्या आठवड्यात एक बाई बाजाराच्या दिवशी ऑफिसात आल्या. पिशवीतून झबलं-टोपडं काढून टेबलावर ठेवलं. "माधवला," म्हणाल्या. बाळ आम्ही शेजारून उसनं आणलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनाही ते ठाऊकच असावं. तरी त्या शिवून घेऊन आल्या होत्या.

शिंदे गुरुजी दिवाळीच्या सुट्टीत आले, तेव्हा नारायणगावच्या स्टँडवर एका म्हाताऱ्यानं त्यांचा हात धरला. "डॉक्टर, लीलाच्या पोरानं तुमचं नाव राखलं बघा." गुरुजींना काहीच माहीत नव्हतं. तिकडे आमचं चॅनल दिसत नव्हतं. मी त्यांना ऑफिसात बसवून तिन्ही सीडी दाखवल्या. डोळे पुसत म्हणाले, "बदली थांबवायला एवढे लोक पाहिजे होते."

त्या दिवसापासून आमच्या तिन्ही मालिका अधिकृतपणे एका गावात आल्या. मी तीन वह्या बंद करून एक केली. महिन्यातून एकदा अवसरीला जायचे, भाऊसाहेबांचं रजिस्टर आणि माझी वही शेजारी ठेवून ताळा बघायचे. दहातल्या आठ वेळा चूक माझी निघायची. मोठी चॅनल घरोघरी येईपर्यंत, आणखी तीन वर्षं, आम्ही ते गाव चालवलं. त्यात दोन लग्नं झाली, एक निवडणूक झाली आणि मेलेलं कुणी परत उठलं नाही.

नंतर मी पुण्यात एका प्रॉडक्शन हाऊसमध्ये लागले. तिथल्या एका मीटिंगमध्ये एका साहेबांनी फळ्यावर गोल काढून सांगितलं, की आता आपल्या सगळ्या मालिका एकाच ‘युनिव्हर्स’मध्ये आणायच्या, ही अगदी नवी कल्पना आहे. मी मान डोलावली. मीटिंगमध्ये नव्या कल्पनेला मान डोलवायची असते. पण चहाला बाहेर आल्यावर शेजारच्या मुलीला मी सांगितलंच, की हे आम्ही नारायणगावला टोमॅटोच्या गोडाऊनमध्ये केलं होतं, आणि तेही प्रेक्षकांनी करून दिल्यावर.

ती म्हणाली, "मॅडम, मग यातून शिकायचं काय?"

मी म्हटलं, "गोष्ट खोटी आहे, हे बघणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. त्याबद्दल त्याची तक्रार नसते. आपण ती नीट लक्ष देऊन सांगत नाही, तेव्हा तो फोन करतो. फोन आला, की उचलायचा."