दक्षिणेच्या खिडकीखालचं टेबल

न्यूझीलंडात, पामर्स्टन नॉर्थच्या घरी, गॅरेजात, आमच्या ह्यांनी केलेलं एक टेबल आहे. "भूकंप झाला तरी हलणार नाही," म्हणायचे. हे गेले, टेबल खरंच हललेलं नाही. मुलगी म्हणते, "आई, समोरच्या भिंतीला लावू या ना, तिथे हीप्स ऊन येतं." हीप्स म्हणजे इथल्या बोलीत ढीगभर. मला अशा वेळी ऐकू कमी येतं.

कारण ते सावलीत बसवण्याची अक्कल माझी.

दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं. पुण्याहून येऊन वर्षही झालं नव्हतं. ह्यांना ऑफिसातल्या कुणी रायफल क्लबात नेलं आणि आमचा वरणभातवाला माणूस कागदी निशाण्यांवर गोळ्या झाडू लागला. मग शेजारच्या आजोबांनी त्यांचा जुना प्रेस दिला. रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसं करायचं ते लोखंडी यंत्र, वर लांब दांडा. ह्यांनी ते माझ्या जेवणाच्या टेबलाला जखडलं. पहिल्यांदाच दांडा दाबला, टेबलाचे मागचे पाय उचलले आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी जमिनीवर.

"ते यंत्र तरी राहील, नाही तर मी!" मी कडाडले. खरं दुखणं लोणच्याचं नव्हतं. परक्या गावात मला बोलायला एकच माणूस होता, त्याचा मोकळा वार एकच, शनिवार. तोही हा प्रेस खाणार, ही भीती.

"गॅरेजात टेबल करतो," हे म्हणाले.

"करा. पण दक्षिणेच्या खिडकीखाली. थंडीत ऊन दक्षिणेकडूनच येतं."

"नक्की?"

"गच्चीवर पापड वाळवण्यात जन्म गेलाय माझा. मला शिकवता?"

केवढा तो तोरा! पृथ्वीच्या खालच्या टोकाला येऊन बसले होते, सूर्य मात्र पुण्याचाच धरून.

ह्यांनी जाड चौकोनी लाकडाचे पाय केले, वर प्लायवूडचे दोन थर चिकटवले, भिंतीतल्या उभ्या लाकडांत लांब बोल्ट पिळले. मग मला टेबलावर चढवून उड्या मारायला लावल्या. मारल्या मी, साडी खोचून!

जूनमध्ये थंडी पडली. उत्तरेच्या खिडकीत पिवळंधमक ऊन आणि टेबलापाशी बर्फाची वखार. हे कानटोपी घालून दांडा दाबत बसलेले. मलाच चोरट्यासारखं झालं. शाल नेली, आल्याचा चहा नेला, आणि नेलाच आहे तर बसले. दर शनिवारी बसू लागले. पुंगळ्या पुसायच्या, गप्पा हाणायच्या.

कितीतरी हिवाळ्यांनी मी विचारलं, "इंजिनियर ना तुम्ही? इथलं ऊन कुठून येतं, ठाऊक नव्हतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"उन्हात बसलो असतो तर तू शाल घेऊन आली असतीस?"

लबाड! मी एक पुंगळी फेकून मारली त्यांना.

रायफल आता क्लबाकडे गेली, प्रेस आजोबांच्या मुलाकडे. टेबलावर चार भोकं उरलीत. शनिवारी मी तिथे शाल गुंडाळून चहा पिते. थंडी अजून तशीच, दुसरी कानटोपी तेवढी नाही.

गेल्या आठवड्यात मुलगी बोल्ट काढायला पाना शोधत होती. सगळं गॅरेज पालथं घातलं बिचारीने. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात कोण बघतंय!